चार्लीच्या आधीचा रोआल्ड डाल

प्रश्न: मुलीला चौदावं लागलंय. 'चार्ली', 'माटिल्डा', 'बीएफजी' अशी रोआल्ड डालची मुलांची सगळी पुस्तकं तिनं दोन-दोनदा वाचून काढली. रद्दीच्या दुकानात त्याच्याच नावाचा जुना कथासंग्रह दिसला म्हणून उचलून आणला आणि तिला द्यायच्या आधी स्वतः चाळला. त्यात एक गरोदर बाई नवऱ्याच्या डोक्यात गोठवलेली मेंढराची तंगडी घालून त्याला ठार मारते, आणि तपासाला आलेल्या पोलिसांना तीच तंगडी भाजून खाऊ घालते! हा तोच लेखक का? मुलांसाठी लिहायच्या आधी त्यानं आणखी काय काय लिहिलंय? आणि त्यातलं मुलीला काय द्यावं?

उत्तर:

तोच. आणि खरं तर मराठी वाचकाला याचं फार आश्चर्य वाटायला नको. 'अलबत्या गलबत्या' लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून रात्री दिवा चालू ठेवून झोपलेली माणसं आपल्याकडे घरोघर सापडतील.

'जेम्स अँड द जायंट पीच' 1961 मध्ये आलं तेव्हा डाल पंचेचाळिशीला टेकला होता. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षं तो मोठ्यांसाठी लिहीत होता. मी मुलांच्या पुस्तकांचं संपादन आणि थोडाफार अनुवाद करतो, त्यामुळे या वीस वर्षांकडे पुन्हा पुन्हा जाणं होतं. माझं मत विचाराल तर मुलांचा डाल या काळातच घडला. या माणसानं लिहिलेलं काहीही वाया जाऊ दिलं नाही. फसलेली कादंबरी, मासिकात छापून विसरली गेलेली गोष्ट, विमानतळावरच्या गप्पा, सगळं त्यानं जपून ठेवलं आणि पुढे मुलांच्या पुस्तकांत वापरलं.

सुरुवात अपघातानं झाली, आणि तीही अक्षरशः. शेल या तेल कंपनीच्या नोकरीसाठी डाल 1938 मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, दार-ए-सलामला गेला. युद्ध सुरू झाल्यावर नैरोबीला जाऊन रॉयल एअर फोर्समध्ये भरती झाला. सप्टेंबर 1940 मध्ये आपल्या तुकडीला जाऊन मिळण्यासाठी तो ग्लॅडिएटर जातीचं जुनाट दुपंखी विमान घेऊन निघाला. त्याला सांगितलेल्या ठिकाणी तुकडी नव्हतीच. अंधार पडत आला, इंधन संपत आलं, म्हणून त्यानं वाळवंटातच विमान उतरवायचा प्रयत्न केला आणि ते आपटलं. कवटीला तडा, नाकाचा चेंदामेंदा, आणि कित्येक आठवडे डोळ्यांपुढे काळोख. बरा होऊन 1941 च्या एप्रिलमध्ये तो ग्रीसमध्ये लढला, पण डोकेदुखीनं पिच्छा सोडला नाही आणि उड्डाण कायमचं बंद झालं. 1942 मध्ये त्याला वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत पाठवलं. काम काय, तर अमेरिकनांच्या मनात ब्रिटनबद्दल आपुलकी निर्माण करायची.

तिथे त्याला भेटायला सी. एस. फॉरेस्टर आला. आरमारी कादंबऱ्यांमुळे तेव्हा त्याचं मोठं नाव होतं. त्याला एका लढाऊ वैमानिकाची हकीकत लिहून छापायची होती. दोघं जेवायला गेले, पण जेवता जेवता टिपणं घेणं काही जमेना. डाल म्हणाला, मीच मुद्दे लिहून पाठवतो. ते मुद्दे फॉरेस्टरनं एका शब्दाचाही फरक न करता 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाकडे धाडले आणि ऑगस्ट 1942 मध्ये ते लेखकाच्या नावाशिवाय छापून आले. डालच्या सांगण्यानुसार मानधन आलं हजार डॉलर. मथळा होता 'शॉट डाऊन ओव्हर लिबिया', म्हणजे लिबियावर शत्रूनं विमान पाडलं! प्रत्यक्षात विमान कुणीच पाडलं नव्हतं. युद्धाच्या दिवसांत साप्ताहिकाला चुकलेल्या रस्त्यापेक्षा शत्रूची गोळी जास्त सोयीची होती, हे उघड आहे.

ही सगळी हकीकत डालनं 1977 च्या 'हेन्री शुगर' या पुस्तकात सांगितली आहे, आणि सोबत 'माझी पहिली कथा' म्हणून 'अ पीस ऑफ केक' दिली आहे. पण ती 1942 ची मूळ कथा नव्हे. 1946 मध्ये संग्रहात घेताना त्यानं ती नव्यानं लिहिली. आधीची चटपटीत आणि प्रचारकी होती, नंतरची शुद्ध हरपलेल्या माणसाच्या स्वप्नांतून फिरते. स्वतःबद्दल लिहिताना डालवर किती विश्वास ठेवायचा, याची ही पहिली खूण. दुसरी आणखी मजेदार आहे. 1943 मध्ये 'अटलांटिक' मासिकात त्याची 'द सोर्ड' नावाची गोष्ट आली. युद्ध सुरू झाल्याचं कळताच टांगानिकातला त्याचा घरगडी भिंतीवरची तलवार घेऊन एका जर्मनाला मारून येतो, अशी. हाच प्रसंग 1986 च्या 'गोइंग सोलो' या आत्मकथनात येतो, तो प्रत्यक्ष घडलेली आठवण म्हणून. तेव्हा 'बॉय' आणि 'गोइंग सोलो' मुलीनं वाचली असतील, तर गोष्टीवेल्हाळ काकांचे किस्से ऐकतो तशीच ती ऐकायची, असं तिला सांगून ठेवा.

आता ग्रेम्लिन. विमानात बिघाड करणारी ही चिमुकली शिंगवाली माणसं डालनं शोधली, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ते खरं नाही. रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकांमध्ये ग्रेम्लिनचे किस्से आधीपासून चालत आलेले होते. डालनं त्यांना घरदार दिलं आणि रागाचं कारण दिलं. विमानांचा कारखाना उभारायला माणसांनी त्यांचं जंगल तोडलं, म्हणून ते विमानांवर सूड उगवतात. नोकरीत असल्यामुळे लिखाण वरिष्ठांना दाखवणं भाग होतं. तिथून ते वॉल्ट डिस्नेकडे पोचलं. चित्रपटाची तयारी झाली, डाल हॉलिवूडला जाऊन आला, पण हक्कांचा घोळ आणि ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या अटी यांत चित्रपट बारगळला. शिल्लक राहिलं ते डिस्नेच्या चित्रकारांनी सजवलेलं 1943 चं पुस्तक. डालच्या नावावरचं हे पहिलं पुस्तक, आणि ते मुलांचंच आहे! अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्टनी ते आपल्या नातवंडांना वाचून दाखवलं आणि लेखकाला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं.

पुस्तक म्हणून ते मध्यम आहे. मधे मधे शौर्याचे ढोल वाजतात. पण एक तपशील बघा: हे ग्रेम्लिन खातात काय, तर वापरलेली पोस्टाची तिकिटं. मग वैमानिक त्यांना वश करायला तिकिटांचीच लालूच दाखवतात. पुढे ज्याच्या पुस्तकांत कोण काय खातो यावर निम्मी गोष्ट उभी राहते, तो लेखक या एका तपशिलात पहिल्यांदा नीट दिसतो.

ग्रेम्लिन एवढ्यावर थांबले नाहीत. 1948 मध्ये डालची 'सम टाइम नेव्हर' ही मोठ्यांसाठीची कादंबरी आली. हिरोशिमाला तीन वर्षंही झाली नव्हती, आणि इतक्या लवकर अणुयुद्धावर आलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मोजक्याच. माणसं आपसात लढून संपतात. जमिनीखाली दबा धरून बसलेले ग्रेम्लिन पृथ्वीचा ताबा घ्यायला वर येतात. पण ते पडले माणसाच्या कल्पनेतले प्राणी. कल्पना करणारा माणूसच उरला नाही म्हटल्यावर तेही एकेक करून नाहीसे होतात. शेवट असा जबरदस्त आणि बाकी कादंबरी कंटाळवाणी. ती सपशेल पडली. डालनं पुढे तिचं नाव काढलं नाही आणि ती पुन्हा छापूही दिली नाही. पण या कादंबरीतले ग्रेम्लिन स्नॉझबेरी नावाचं फळ खातात. सोळा वर्षांनी 'चार्ली'तल्या विली वाँकाच्या चॉकलेट कारखान्यात चाटायचा भिंतीचा कागद येतो, त्यातली स्नॉझबेरी ती हीच. पडलेल्या कादंबरीतून फळ तेवढं खुडून घेतलं.

या दोन पुस्तकांच्या मधे, 1946 मध्ये, वैमानिकांच्या दहा कथांचा 'ओव्हर टू यू' आला. डालचं सर्वांत कमी वाचलं गेलेलं चांगलं पुस्तक मी यालाच म्हणेन. यात त्याचा पुढचा खट्याळपणा फारसा नाही. सोबतची मुलं रोज मरताना पाहिलेल्या माणसानं आवाज न चढवता लिहिलेल्या कथा आहेत. 'कतीना'मध्ये बॉम्बहल्ल्यात आईबाप गेलेली एक ग्रीक पोर वैमानिकांच्या तुकडीला सापडते. ते तिला सोबत ठेवून घेतात, तिचं नाव तुकडीच्या यादीत घालतात. शेवटी जर्मन विमानं तळावर गोळ्या झाडत असताना ती मोकळ्या मैदानात मधोमध जाऊन उभी राहते, त्यांच्याकडे मूठ उगारून. माटिल्डा आणि 'बीएफजी'तली सोफी या दोघींच्या आधीची ही पोर आहे. फक्त तिच्या गोष्टीत जादू नाही, आणि ती जिवंत राहत नाही.

'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड'मध्ये दोन दिवस बेपत्ता असलेला वैमानिक परत येतो आणि त्याला वाटतं, आपण तासाभरातच आलो. आकाशात त्यानं मेलेल्या वैमानिकांच्या विमानांची न संपणारी रांग पाहिलेली असते. हायाओ मियाझाकीच्या 'पोर्को रोसो' (1992) या चित्रपटातलं तसंच दृश्य या कथेवरून आलंय. मुलगी ॲनिमे बघत असेल तर हा दुवा तिला सांगून बघा, पुस्तक ती स्वतःच मागेल.

पण चौदा वर्षांच्या वाचकाला पहिली द्यायची ती 'बिवेअर ऑफ द डॉग'. पाय गमावलेला वैमानिक विमानातून उडी टाकतो आणि जागा होतो तो दवाखान्यात. नर्स गोड बोलते, डॉक्टर धीर देतो, सांगतात की तू ब्रायटनला आहेस, म्हणजे आपल्याच देशात. मग एक विमान वरून जातं. याला आवाजावरून ते जर्मन युंकर्स वाटतं. इथे युंकर्स कसं येईल? नर्स त्याला अंघोळ घालताना कुरकुरते, पाणी किती जड आहे, साबणाला फेसच येत नाही. याला आठवतं, लहानपणी आपण ब्रायटनच्या शाळेत होतो आणि तिथलं पाणी इतकं हलकं होतं की अंगावरचा साबण निघता निघत नसे. बोअरवेलच्या पाण्यात कपडे धुतलेल्या कुणालाही ही खूण सांगावी लागणार नाही. रात्री तो पलंगावरून खाली घसरतो, कोपरांवर सरपटत खिडकीशी जातो, आणि समोरच्या कुंपणावर 'कुत्र्यापासून सावध'ची पाटी त्याला दिसते, फ्रेंचमध्ये. तेव्हाचा फ्रान्स म्हणजे जर्मनांच्या ताब्यातला. दुसऱ्या दिवशी 'आपलाच' अधिकारी माहिती विचारायला येतो तेव्हा तो काय उत्तर देतो, ते इथे सांगत नाही.

ही कथा मी नव्या लेखकांनाही वाचायला देतो. भीती दाखवायला डालला अंधार लागत नाही, मोठा आवाज लागत नाही. साबणाचा फेस पुरतो. आणि गोड बोलून काळजी घेणारं मोठं माणूस आपल्याला फसवत असेल, ही शंका, जिच्यावर पुढे त्याचं मुलांसाठीचं 'द विचेस' उभं राहिलं, ती इथे पहिल्यांदा पुरती फुललेली आहे.

तुमच्या हातात पडलाय तो बहुतेक 1953 चा 'समवन लाइक यू' असणार. डालला खरं नाव आणि पैसा यानं मिळवून दिला. तंगडीची कथा त्यातलीच. 'न्यू यॉर्कर'नं ती नाकारली होती, मग 'हार्पर्स'नं छापली, आणि पुढे हिचकॉकनं तिच्यावर टीव्हीसाठी भाग केला. तिच्याबद्दल जास्त काय बोलायचं, तुम्ही वाचलीच आहे. त्याच संग्रहात 'द विश' नावाची चार-पाच पानांची कथा आहे, ती शोधा. एक लहान मुलगा गुडघ्यावरची खपली नखानं हळूहळू सोडवतोय, इथून ती सुरू होते. खपली निघते, तो ती टिचकीनं उडवतो, ती गालिच्यावर पडते आणि त्याचं लक्ष गालिच्याकडे जातं. लाल म्हणजे निखारे, काळा म्हणजे साप, पिवळ्यावर पाय दिला तर चालेल. पलीकडे सुखरूप पोचलो तर उद्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू मिळणार. फरशीच्या रेघांवर पाय न देता चालण्याचा खेळ आपण सगळेच खेळलोय, पण डाल तो खेळ खेळ म्हणून सोडत नाही. मुलगा मध्यावर पोचेपर्यंत वाचणाऱ्याचेही पाय आखडतात. ही कथा मोठ्यांच्या पुस्तकात आहे, पण ती आतून लहान मुलाच्या उंचीवरून लिहिलेली आहे. मुलांसाठी लिहायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याला हे येत होतं, याचा दुसरा पुरावा मला लागत नाही.

'पॉयझन'बद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण ती हिंदुस्थानात घडते. हॅरी नावाचा इंग्रज रात्री पलंगावर घामानं निथळत निपचित पडलाय. चादरीखाली, पोटावर, मण्यार झोपलीय असं तो कुजबुजत सांगतो. हॅरीचा मित्र डॉ. गंडेरबाई यांना फोन करतो. हा छोट्या चणीचा हिंदुस्थानी डॉक्टर येतो, श्वासही जोरात न घेता हॅरीला विषावरचं इंजेक्शन देतो, मग गादी आणि चादर यांच्या मधे नळी सरकवून क्लोरोफॉर्म सोडतो. चादर इंचाइंचानं मागे घेतली जाते. खाली साप नसतोच. डॉक्टर हळूच विचारतो, साप तुम्ही नक्की पाहिला होता ना? त्यासरशी हॅरी पलंगावर उभा राहून त्याला जातीवाचक, वर्णद्वेषी शिव्या घालतो. डॉक्टर गाडीत बसून निघून जातो. डाल शेरा मारत नाही. 2023 मध्ये वेस अँडरसननं नेटफ्लिक्ससाठी हिच्यावर लघुपट केला, त्यात बेन किंग्जली डॉक्टर आहे. हा डॉक्टर रंगवणाऱ्या डालनंच 1983 मध्ये ज्यूंबद्दल अतिशय घाणेरडी विधानं केली, आणि त्याबद्दल त्याच्या कुटुंबानं 2020 मध्ये माफी मागितली. कथा वाचायला देताना हे लपवायचं कारण नाही. चौदाव्या वर्षी मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र पेलतात.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा, म्हणजे एक लेखक दुसरा कसा झाला. याचं उत्तर एका कथेत जसंच्या तसं सापडतं. 1960 च्या 'किस किस' या संग्रहात 'द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड' आहे. पेट्रोल पंप चालवणारे दोन पुरुष, क्लॉड आणि गॉर्डन, श्रीमंत आणि माजोरड्या मिस्टर हेझलच्या रानातले फेझंट पक्षी चोरतात. क्लॉडचा बाप मोठा चोरशिकारी, त्याच्या युक्त्या ठरलेल्या: मनुक्यात घोड्याचा केस ओवायचा, नाहीतर कागदाच्या सुरळीला आतून चिकट लावून तळाशी मनुका ठेवायचा. यांची नवी युक्ती म्हणजे मनुक्यांत झोपेचं औषध. पक्षी झाडांवरून टपाटप पडतात. ते गावात आणायचे कसे? पाद्र्याच्या बायकोच्या बाबागाडीत, बाळाखाली दडवून. आणि पंपाजवळ येता येता औषधाचा अंमल उतरतो, पक्षी फडफडत बाहेर येतात आणि चोरांची फजिती होते. कथा संपते. डालचा एक खाटीक मित्र अशा चोरशिकारीत मुरलेला होता, तेव्हा त्यातले बारकावे अस्सल आहेत.

1975 मध्ये डालनं हीच कथा पुन्हा लिहिली, 'डॅनी द चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड' म्हणून. पेट्रोल पंप तोच, हेझल तोच, मनुके तेच, घोड्याचा केस आणि चिकट सुरळीही तीच. पाद्र्याच्या बायकोचं आडनाव बदललं, बाळाचं नाव ख्रिस्तोफरच राहिलं. बदललं काय, तर दोन मित्रांच्या जागी बाप आणि मुलगा आले, आणि औषधाची युक्ती मुलाला सुचली. एवढ्यानं सगळं पालटलं. जुन्या कथेत हेझलबद्दलचा राग वरवरचा होता, गंमत चोरीत होती. इथे हेझल डॅनीला धमकावतो, म्हणून चोरीला न्याय्य कारण मिळतं. बाप रानातल्या खड्ड्यात पडतो आणि नऊ वर्षांचा पोरगा रात्री एकटा गाडी चालवत त्याला शोधायला निघतो, हे प्रकरण जुन्या कथेत कुठेच नव्हतं. पक्षी इथेही उडून जातात, पण फजिती होते हेझलची, त्याच्या रोल्स-रॉइससकट. डालचे वडील तो तीन वर्षांचा असताना वारले. 'डॅनी'मधला बाप त्याच्या सगळ्या पुस्तकांतला सर्वांत प्रेमळ माणूस आहे.

तुमच्याकडे 'डॅनी' असेलच. मुलीला दोन्ही एका आठवड्यात वाचायला द्या आणि काय काय बदललं ते तिलाच हुडकू द्या. लेखन शिकवण्याच्या कार्यशाळेत एवढं कुणी शिकवत नाही.

बाकी क्रम असा ठेवा. आधी 'हेन्री शुगर', ते किशोरांसाठीच आहे आणि जुन्या-नव्या डालच्या बरोबर मधे उभं आहे. मग 'बिवेअर ऑफ द डॉग', 'द विश' आणि 'कतीना'. 'कतीना' वाचून झाल्यावर थोडा वेळ तिच्याजवळ बसा. तंगडीची कथा खुशाल द्या. 'माटिल्डा'तल्या मुख्याध्यापिका मुलीला वेणीला धरून भिरकावतात हे तिनं हसत वाचलंय, ती तुमच्याइतकी हादरणार नाही. 'पॉयझन' दोघींनी मिळून वाचा. 'ग्रेम्लिन'चं पुस्तक 2006 मध्ये पुन्हा छापलं गेलं, मिळालं तर चित्रांसाठी घ्या. 'सम टाइम नेव्हर'च्या मागे लागू नका, जुनी प्रत महाग पडते आणि वाचून पदरी फारसं काही पडत नाही.

'स्विच बिच' नावाचा 1974 चा एक संग्रह रद्दीत हमखास दिसतो. त्यातल्या कथा मुळात 'प्लेबॉय'साठी लिहिलेल्या आहेत. तो तूर्त वरच्या फळीवर ठेवा.